ब्रेकपॅड घरी बदलावेत, पण कुठवर?

४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. वाटेतल्या वाहनांना धडकत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. अशा बातमीनंतर ‘ब्रेकला घरी हात लावू नका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. अवजड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, मोटारीचे तेलाच्या दाबावर. त्या अपघातावरून घरच्या कामाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. उलट पॅड किती झिजला हे गाडीच्या मालकानेच अधूनमधून पाहिले पाहिजे. त्याची जाडी तीन मिलिमीटरवर आली की तो बदलायला झाला.

खानदेशातल्या उन्हाने ब्रेक जातात, असेही म्हटले जाते. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो खरा; पण कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना डिस्क शेकडो अंश तापू शकते, तिथे हवेतले दहा-वीस अंश किरकोळच. खरे घातक असते ते जुने ब्रेक ऑइल. ते ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस हवा. ओलावा मुरल्यावरची मर्यादा १५५ आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पाय थेट खाली जातो. पॅड पातळ असेल तर ही उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. म्हणून नवे पॅड बसवून जुने ऑइल तसेच ठेवणे म्हणजे अर्धवट काम.

पॅड बदलणे पाना आणि जॅक हाताळणाऱ्याला जमण्यासारखे आहे. तापीकाठच्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून गाडी फरशीवर घ्यावी, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि नुसत्या जॅकवर विसंबू नये, खाली स्टँड द्यावा. कॅलिपर तारेने टांगावा. नळीला लोंबकळू देऊ नये. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, पण एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. धूळ फुंकू नये, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसावी. शेवटी गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे.

ऑइल गळत असेल, पिस्टन मागे सरत नसेल, डिस्कवर खोल चरे असतील किंवा पेडल मऊ लागत असेल, तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.