गाडीचा सेल्फ घरच्या घरी बदलताना

पहाटे माल भरायला निघावे आणि व्हॅनचा सेल्फच लागू नये, की त्या दिवसाचा धंदा हातचा जातो. फळे, मासळी, कोंबडी किंवा बेकरीचा माल पोहोचवणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ बसला. त्यापूर्वी हँडल मारून इंजिन चालू करावे लागे. आजच्या गाड्यांना हँडलची सोयच नाही. त्यामुळे सेल्फ बंद, तर गाडी बंद. हाताला पान्याची सवय असेल, तर हे काम बऱ्याच साध्या गाड्यांवर घरीही करता येते. मात्र नवा सेल्फ आणण्यापूर्वी थोडी तपासणी करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू.

दोष नक्की कुठे?

चावी फिरवताच दिवे मंद होऊन टिकटिक आवाज येत असेल, तर संशय आधी बॅटरीवर घ्यावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने धुऊन, कोरडे करून पुन्हा घट्ट बसवावे. 12 व्होल्टची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी मीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर आधी बॅटरी चार्ज करून पाहावी.

दिवे प्रखर आहेत, पण एकदाच 'टक्' होऊन सारे शांत, असे असेल तर सेल्फवरचा सोलेनॉइड स्विच किंवा आतले कार्बन झिजलेले असण्याचा संभव अधिक. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, तर दोष पुढच्या दातेरी चक्रात किंवा फ्लायव्हीलच्या दात्यांत. काहीच आवाज नसेल, तर सेल्फवरील बारीक वायर तपासावी. चावी फिरवून धरली असता तिच्यात 12 व्होल्ट येत नसतील, तर दोष फ्यूज, रिले किंवा चावीच्या स्विचचा आहे, सेल्फचा नाही.

स्क्रूड्रायव्हरने दोन टर्मिनल जोडून सेल्फ फिरवण्याची काहींना सवय असते. ठिणग्या उडतात आणि गाडी गिअरमध्ये असल्यास जागची उसळते. हा प्रयोग करूच नये.

काढणे आणि बसवणे

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. चाकांना दगड लावावेत. इंजिन थंड होऊ द्यावे. अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कारण आधी पॉझिटिव्हला हात घातला आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होते. खाली शिरायचे असेल, तर केवळ जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर विसंबू नये. वीट फुटते, जॅक घसरतो आणि माणूस जिवाला मुकतो. मजबूत लोखंडी स्टँड हवेतच.

जाड केबल व बारीक वायर कुठे होती याची खूण करून दोन्ही सोडवाव्यात. सेल्फ बहुधा दोन-तीन बोल्टांवर असतो. शेवटचा बोल्ट काढताना त्याला हाताचा आधार द्यावा. तो चांगलाच जड असतो.

नवा सेल्फ जुन्याशेजारी ठेवून दाते, बोल्टांची भोके आणि लांबी जुळवून पाहावी. बसवण्याची जागा पॉलिश पेपरने स्वच्छ करावी, कारण परतीचा करंट सेल्फच्या अंगातूनच इंजिनला जातो. तिथे गंज राहिला, तर नवा सेल्फही दमल्यासारखा फिरेल. बोल्ट आधी हाताने लावून मग पान्याने आवळावेत. तांब्याच्या टर्मिनलचा नट जास्त आवळल्यास टर्मिनलच तुटते. निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी जोडावी. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये.

खरेदीचा हिशेब

फक्त कार्बन किंवा बुश झिजले असतील, तर ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढेच बदलून देतो आणि खर्च बराच वाचतो. पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून जुना सेल्फ घेणार असाल, तर दुकानातच बॅटरीवर फिरवून दाखवायला सांगा. नव्याचे बिल व वॉरंटी लेखी घ्यावी. तुमचा जुना सेल्फ फुकट सोडून येऊ नका. त्यात तांबे असते आणि दुरुस्तीवाल्यालाही तो उपयोगी पडतो, म्हणून त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

वॉरंटीतील गाडी, हायब्रीड गाडी किंवा सेल्फ इंजिनच्या आतल्या बाजूला दडलेली गाडी असेल, तर मात्र काम जाणकार मिस्त्रीकडेच द्यावे. तरी वरची तपासणी करून जावे. दोष काय हे ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी उगाच नवा सेल्फ विकत नाही.