नाकाजवळचा धूर

डास पळवण्यासाठी रात्री खाटेखाली सरकवलेली हिरवी कॉइल सकाळपर्यंत राख होऊन पडलेली असते. अशा एका कॉइलमधून जेवढे सूक्ष्मकण सुटतात, तेवढे सुटायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असा हिशेब २००३ साली प्रसिद्ध झाला. चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइल प्रयोगशाळेत जाळून संशोधकांनी तो मांडला होता. फॉर्मल्डिहाइड या त्रासदायक वायूचे प्रमाण तर ५१ सिगारेटींइतके असू शकते, असे आढळले. ज्या घरात कोणी सिगारेटला शिवत नाही, दिल्लीच्या हवेच्या बातम्या पाहून जिथे हळहळ व्यक्त होते, त्याच घरात खिडक्या लावून, लहान मुलांना शेजारी निजवून ही कॉइल रात्रभर धुमसत राहते.

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की कारखान्यांची धुराडी, काळा धूर ओकणारे डंपर आणि बांधकामांची धूळ डोळ्यांसमोर येते. त्यात चूक काहीच नाही. पण त्यापाठोपाठ ‘एकट्यादुकट्याने काय होणार?’ हा प्रश्नही येतो आणि गप्पा तिथेच थांबतात. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर धुराचे नुसते वजन करून भागत नाही. तो माणसाच्या नाकापासून किती अंतरावर सुटला, हेही मोजावे लागते.

हे अंतर विज्ञानाच्या हिशेबात आणणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक कर्क स्मिथ यांचे नाव आघाडीवर आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात नेमका किती धूर जातो, हे मोजायला घेतले. २०२०मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हा विषय सोडला नाही. सुटलेल्या प्रदूषकापैकी किती हिस्सा प्रत्यक्ष कोणाच्या तरी फुप्फुसात पोचला, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. उघड्यावर सुटलेल्या प्रदूषकापेक्षा घरात सुटलेले प्रदूषक श्वासात जाण्याची शक्यता ढोबळमानाने हजारपट असते, असे ते सांगत. उंच धुराड्यातला धूर विरळ होत दूर जातो. खाटेखालच्या कॉइलच्या धुराला जायला दुसरी जागाच नसते, आणि खाटेवरचा माणूस दिवसाकाठी सुमारे ११ हजार लिटर हवा आत घेत असतो.

या हिशेबामुळे एक सोय होते. स्वतःच्या हातातली कामे कोणत्या क्रमाने करायची, ते ठरवता येते. आधी घर, मग अंगण आणि जिना, मग गल्ली आणि त्यानंतर रस्ता.

घरात कॉइलऐवजी खिडक्यांना जाळी आणि खाटेला मच्छरदाणी हा जुना उपाय बिनधुराचा आहे. देवघरातल्या उदबत्तीकडेही असेच पाहायला हवे. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण सुटतात, तर सिगारेटच्या एका ग्रॅममागे सुमारे १० मिलिग्रॅम. जुडीऐवजी एकच काडी लावली, ती लावताना खिडकी उघडी ठेवली आणि संध्याकाळी बंद खोलीत धूप फिरवणे टाळले, तर भक्तीत काही उणे पडत नाही. फोडणी देण्याआधी एक्झॉस्ट पंखा सुरू करण्याची सवयही याच यादीतली. तेल तापून मोहरी तडतडली की गॅसच्या स्वच्छ ज्योतीवरही सूक्ष्मकण तयार होतातच.

खेड्यात आणि निमशहरी भागात मात्र मुख्य प्रश्न सरपणाचा आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढे तिच्या जोडण्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. तरीही चूल गेली नाही. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचे पाणी बंबात, अशी वाटणी असंख्य घरांत दिसते. तांब्याच्या बंबात करवंट्या, ढलप्या आणि गोवऱ्या घालणे एकवेळ ठीक. पण जाळ लवकर धरावा म्हणून त्यात दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, टायरचा तुकडा असे काय काय पडत असते. क्लोरीन असलेले प्लास्टिक अशा अर्धवट जाळात जळले की डायॉक्सिनसारखी घातक संयुगे तयार होतात. तो धूर दारातच रेंगाळतो आणि बंबाशी वाकून फुंकणाऱ्याच्या छातीत सर्वांत आधी जातो. छतावर सौर बंब बसवणे परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर बारीक फोडलेले, खडखडीत वाळलेले लाकूड वापरणे आणि प्लास्टिकला बंबापासून दूर ठेवणे, एवढ्यानेही धूर बराच घटतो. ओल्या लाकडातली बरीच आच पाणी आटवण्यातच जाते. ते पेटत नाही, नुसते धुमसते.

कुठे धुमसते, याच्या जोडीने कधी धुमसते, हेही महत्त्वाचे असते. एरवी जमिनीलगतची हवा तापून वर चढते आणि धुराला सोबत नेते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा हा थर शहरावर बसतो. ऊन चढेपर्यंत तो हटत नाही. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी सातला पेटवलेला ढीग आणि मे महिन्यातल्या दुपारी पेटवलेला ढीग सारखाच असला, तरी सकाळचा धूर शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर साचतो.

डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर असेच झाकण पाच दिवस बसले होते. घरोघरच्या शेगड्यांत जळणारा कोळसा हे त्या काळ्या धुक्याचे एक मोठे कारण होते. तेव्हाच्या सरकारी हिशेबाने सुमारे ४ हजार माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२ हजारांपर्यंत नेला. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्याने कारखान्यांबरोबर घरातल्या शेगडीलाही हात घातला आणि ती बदलण्यासाठी लोकांना अनुदान दिले.

आपल्याकडे शहरातल्या सकाळच्या धुराचे मूळ बहुधा झाडूच्या टोकाशी सापडते. पानगळीत गुलमोहर, बदाम आणि वडाची पाने झाडून कोपऱ्यात लोटली जातात आणि काडी लागते. पानांबरोबर वेफर्सची पाकिटे आणि थर्माकोलही जळतात. उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्येच ठरवून दिला. दंडापेक्षा सोपा उपाय पुण्यात रुजला आहे. अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमात ज्यांच्याकडे पाने जास्त झाली आहेत, ते गच्चीवर बाग करणाऱ्यांना ती पोत्यांत भरून देतात. बागवाले ती कुंड्यांत आच्छादन म्हणून वापरतात किंवा त्यांचे खत करतात. सोसायटीच्या आवारात तारेच्या जाळीचा पिंजरा उभा केला, त्यात पाने दाबून भरली आणि अधूनमधून पाणी व थोडे शेण किंवा आंबट ताक शिंपडले, तर काही महिन्यांत काळेभोर खत हाती येते.

ओला कचरा वेगळा ठेवण्याचा संबंध हवेशी कसा, असे कोणी विचारील. मिश्र कचऱ्याच्या डोंगराखाली हवा पोचत नाही, तिथे उष्टे-खरकटे कुजून मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो. जानेवारी २०१६मध्ये मुंबईतली देवनार कचराभूमी पेटली तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. खरकटे घरातल्या खताच्या टोपलीत किंवा बायोगॅसमध्ये गेले, तर त्या डोंगराचे इंधनच कमी होते. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या पुण्याच्या संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केले आणि २००६मध्ये त्याला ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. सुका कचरा नीट वेगळा दिला की ‘स्वच्छ’सारख्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायका तो भंगाराच्या साखळीत पोचवतात. जाळायला मागे फारसे काही उरत नाही.

याच ‘आरती’ला त्याआधी, २००२मध्ये, पहिला ॲशडेन पुरस्कार मिळाला तो उसाच्या पाचटापासून कांडीकोळसा करण्यासाठी. ऊस तुटून गेला की हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात पडते आणि संध्याकाळी शिवारेच्या शिवारे पेटतात. पाचट सरीत दाबून कुजवले तर खोडव्याला खत मिळते, ओल टिकते आणि तणही कमी उगवते. शेजारच्या वस्तीला धुरात कोंडून राहावे लागत नाही, हा वरचा फायदा.

फटाक्यांच्या बाबतीत आवाज मोठा तो फटाका वाईट, अशी समजूत आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसह सहा लोकप्रिय फटाके जाळून मोजमाप केले, तेव्हा सर्वांत घाणेरडी निघाली ती बिनआवाजाची सापाची गोळी. तिच्याजवळ हवेच्या एका घनमीटरमागे पीएम २.५ हे सूक्ष्मकण ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले. हजार फटाक्यांच्या लडीने ३८,५४० आणि फुलबाजीने १०,३९० गाठले. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांच्या सरासरीची शिफारस १५ आहे. गोळीचा जोर क्षणभराचाच असतो हे खरे, पण साप कसा वळवळतो हे पाहायला पोरे अगदी त्यावर वाकलेली असतात. ‘निदान आवाज तरी नाही’ म्हणून लहानग्यांच्या हाती नेमका हाच फटाका दिला जातो.

आता रस्ता. एक किलोमीटरच्या आतल्या कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढली जाते, ती प्रत्येक किलोमीटरमागे सर्वांत जास्त घाण करणारी फेरी असते. गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बसवलेला असतो. तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. इंजिन थंड असताना केलेल्या छोट्या फेरीत तो तापेपर्यंत माणूस घरी परतलेला असतो. १ एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांचे इंधन बरेच स्वच्छ आहे. गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १०वर आले. उत्प्रेरकाचा हा आळस मात्र त्यांनाही चुकलेला नाही. त्यामुळे लांबच्या प्रवासाला बस-मेट्रो आणि अगदी जवळच्या कामाला पाय, ही वाटणी फायद्याची. सिग्नलवर आकडे मोठे दिसत असतील तर इंजिन बंद करावे, कारण तिथला धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या थेट तोंडावर जातो.

पीयूसीचे प्रमाणपत्र म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. पेट्रोल गाडीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन पाहिले जातात. सूक्ष्मकण मोजलेच जात नाहीत. एअर फिल्टर, ऑइल आणि टायरमधली हवा यांच्याकडे वेळच्या वेळी पाहणे हे गाडीमालकाच्याच हाती राहते. ब्रेक आणि टायर झिजून उडणारे कण तर विजेवरच्या गाडीतूनही सुटतात.

काही लोकप्रिय उपायांना मात्र हवा शुद्ध करणारे म्हणता येत नाही. १९८९मध्ये नासाने बंदिस्त पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून घरातली रोपे हवा शुद्ध करतात, ही कल्पना जगभर पसरली. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब लावला. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १,००० रोपे ठेवावी लागतील, असे त्यांना आढळले. मनीप्लँट शोभेला चांगला. मास्क आणि एअर प्युरिफायर वापरणाऱ्याला वाचवतात, सुटलेला धूर कमी करत नाहीत.

एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे पुष्कळ उरतेच. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवायला सांगितले. असा बदल न्यायालय, महापालिका आणि बेकरीमालक यांनीच घडवायचा असतो. तिथे नागरिकाचे काम तक्रारीचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर किंवा महापालिकेच्या ॲपवर धुराचा फोटो, जागा आणि वेळ नोंदवली तर तक्रारीला काही आकार येतो. स्वतःच्या फ्लॅटचे काम काढणाऱ्याने टाइल पाणी मारून कापायला लावली आणि राडारोडा ताडपत्रीने झाकून नेला, तर तक्रार करण्याचा हक्कही जरा भक्कम होतो.

सोसायटीच्या फाटकाशी थंडीत पेटणारी वॉचमनची शेकोटी हा अशाच वादाचा विषय असतो. चौथ्या मजल्यावरून तिच्याविरुद्ध ओरड करणे सोपे आहे. पहाटे तीनला फाटकावर खुर्ची टाकून बसणे तितके सोपे नाही. दिल्लीत प्रदूषण वाढले की निवासी संघटनांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत, असे तिथल्या कृती आराखड्यात लिहिलेलेच आहे. हिशेबही अवघड नाही. एक किलोवॅटचा हीटर रात्री ६ तास चालला तर ६ युनिट वीज जळते. युनिटला १० रुपये धरले तर एका रात्रीचे ६० रुपये होतात. ६० सदनिकांच्या सोसायटीत घरटी रोज १ रुपया. नोव्हेंबरच्या सभेत हा विषय घेतला, तर थंडी पडायच्या आत प्लगची जागाही ठरवता येईल.