थंडीच्या पहाटे डिझेल जनित्र

नाशिक जिल्ह्यांत निफाडच्या बाजूस डिसेंबर-जानेवारींत पारा कधीं कधीं ५ अंश सेल्सिअसच्याही खालीं उतरतो, हें द्राक्षबागाइतदारांस सांगावयास नको. अशा वेळीं बागेंत शेकोट्या पेटवून धूर करणें व पहाटेस विहिरीचें ऊबदार पाणी वेलींस देणें, हे उपाय सर्वांस ठाऊक आहेत. परंतु वीज गेली व जनित्र ऐन चार वाजतां रुसून बसलें, तर पाणी विहिरींतच राहतें आणि मणी तडकतात.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवेस इतकी दाबतो कीं, तिच्याच उष्णतेनें तेलाचा फवारा पेटतो. थंड लोखंड ही उष्णता शोषून घेतें. शिवाय वंगण घट्ट झाल्यामुळें इंजिन सावकाश फिरतें, व दाबलेल्या हवेस निसटावयास आणि निवावयास अवसर मिळतो. एरवीं नीट चालणारें इंजिन अशा पहाटे अडलें, तर दोष बहुधा पंपाचा किंवा नॉझलचा नसून बॅटरीचा असतो. शिशाची बॅटरी २७ अंशांवर जो जोर देते त्याचा सुमारे दोनतृतीयांशच शून्य अंशावर देते, आणि नेमका त्याच वेळीं इंजिनास अधिक जोर हवा असतो.

म्हणून दिवाळी आटोपतांच बॅटरी पाहावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या वर दाखविते. टोकें घासून त्यांवर व्हॅसलीन लावावें. लहानसें सौर पॅनेल नियंत्रकासह तिला कायम जोडून ठेवणें, हा आमच्या मतें पैशाचा सर्वांत चांगला विनियोग होय. वंगणाच्या डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधींचा अंक जितका लहान, तितकें तें थंडींत पातळ राहतें, इंजिनाच्या पुस्तिकेंत मुभा असल्यास तसेंच घ्यावें. तेलाची टाकी रात्रीं भरलेली ठेवावी, म्हणजे आंत दंव धरत नाहीं. लडाखांत साधें डिझेलच गोठतें. तिकडे २०१९ सालीं उणें ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें हिवाळी डिझेल आणावें लागलें. आपल्याकडे ती पाळी येत नाहीं.

चालू करतांना जनित्रावर भार नसावा. हँडलच्या इंजिनावर दाब सोडण्याचा खटका उचलून चाक आठदहा फेरे मोकळें फिरवावें, व वेग येतांच खटका पाडावा. स्टार्टर एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक दाबूं नये. मध्यें अर्धा मिनिट तरी थांबावें. पाण्यानें निवणाऱ्या जुन्या इंजिनाच्या जाकिटांत कोमट पाणी ओतण्याची रीत चांगली आहे. मात्र उकळतें नको, थंड लोखंडास चीर जाते. टाकीखालीं जाळ करणारे व हवेच्या नळींत ईथर फवारणारे बहाद्दरही असतात. ईथर व तापलेला ग्लो प्लग यांची गांठ पडली कीं भडका उडून दट्ट्या मोडतो.

इंजिन लागल्यावर चारपांच मिनिटें मोकळें चालूं द्यावें, मग पंप जोडावा. गारठा आहे म्हणून जनित्र खोलींत घेऊन दार लावूं नये; त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व तो जीव घेतो. दुपारच्या उन्हांत घेतलेली परीक्षा उपयोगाची नाहीं. हंगामांत दर पंधरवड्यास एकदां पहाटेच उठून, पंप जोडून, अर्धा तास जनित्र चालवून पाहावें.