कसणारा आणि कागद

शेतीचा इतिहास म्हटला म्हणजे नांगर, बियाणें, पाट आणि पंप यांचीच हकीगत डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु जमीन कोणाची आणि पीक कोणाचें हा प्रश्न ज्या देशांत प्रत्येक पिढीस नव्यानें सोडवावा लागला, तेथें हा इतिहास औतांइतकाच कागदांचाही आहे.

पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या पंडितांनीं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें वसती होती. जव हें मुख्य पीक. पाण्यासाठीं बांध व पाट. आणि गांवच्या मुख्याचें मानल्या गेलेल्या पांच खोल्यांच्या घराशेजारीं धान्याचें कोठार! पिकाचा कांहीं वांटा कसणाऱ्याच्या घरून दुसरीकडे जाण्याची चाल इतकी जुनी असावी.

पुढें राज्यें बदललीं. मलिक अंबरानें धारा बांधला, शिवशाहींत काठीनें जमीन मोजली गेली. मिरासदारास वंशपरंपरेचा हक्क आणि उपऱ्यास केवळ कसण्याची मुभा, हा भेद मात्र राहिला. इंग्रजी अमलांत १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुराकडे नवी जमाबंदी केली. पाऊस पडो वा न पडो, सारा रोख भरणें प्राप्त झालें आणि रयत सावकाराच्या दारीं गेली. तशांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील दावा तीन वर्षांत बुडूं लागला. म्हणून सावकार मुदत सरण्यापूर्वींच व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेई. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, आणि १८६७ मध्यें इंदापुरांत सारा वाढला. १२ मे १८७५ रोजीं सुप्यास लोक उठले. दंगा पुढें गांवोगांव पसरला, आणि त्यांत लोकांचा मुख्य रोख खतें हस्तगत करून जाळण्यावर होता. निरक्षर रयतेनेंही आपला फास कोठें आहे हें अचूक ओळखलें होतें! १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास खतामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, तो ह्या आगीच्या उजेडांत.

स्वराज्यांत कसणाऱ्यास न्याय मिळाला नाहीं असें कोणी म्हणूं नये. मुंबई इलाख्याच्या १९४८ च्या कूळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनीं असंख्य कुळें जमिनीचीं मालक ठरलीं. परंतु त्याच यशांतून नवी भीति जन्मली. कागद केला तर जमीन जाईल, असें मालकाच्या मनानें घेतलें, आणि बटाईचे व खंडाचे व्यवहार तोंडी होऊं लागले. महाराष्ट्रांतील सरासरी खातें १९७०-७१ मध्यें ४.२८ हेक्टरांचें होतें. २०१५-१६ मध्यें तें १.३४ हेक्टरांवर आलें. एवढ्यावर ज्याचें भागत नाहीं, तो दुसऱ्याची जमीन कसणारच. ती कसतांना बियाण्याचा खर्च त्याचा, गारपिटीचें नुकसान त्याचें. पण सातबाऱ्यावर नांव मालकाचें. पीकविम्यांत बटाईदारास मज्जाव नाहीं. पण कराराचा पुरावा मागितला कीं तो निरुत्तर होतो. बँकेंत व नुकसानभरपाईच्या यादींतही त्याची हीच गत.

ह्यावर उपाय अवघड नाहीं. २०१६ मध्यें नीति आयोगानें जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा देशापुढें ठेवला, त्याचें तत्त्व हेंच : लेखी कराराच्या मुदतींत मालकाची मालकी अबाधित, आणि कसणाऱ्यास कर्ज, विमा व भरपाई यांचा हक्क. बडे भांडवलवाले ह्या वाटेनें शिवारें गिळतील ही शंका रास्त आहे. पण तिचें उत्तर एका हातीं येणाऱ्या भाडेपट्ट्यांवर मर्यादा घालणें हें होय, गरिबास तोंडी व्यवहारांत कोंडून ठेवणें हें नव्हे. एका पानाचा साधा करार, गांवच्या महसुली दप्तरीं विनाशुल्क नोंद, आणि कूळहक्क लागणार नाहीं अशी मालकास स्पष्ट हमी, इतकें विधिमंडळानें केलें पाहिजे. १८७५ सालीं रयतेनें कागद जाळला, कारण तो तिच्याविरुद्ध लिहिलेला होता. आज ती मागत आहे तो तिच्या बाजूनें लिहिलेला एक कागद. तो देण्यास सरकारनें आणखी एका दुष्काळाची वाट पाहूं नये.