दोन मिनिटांचा मारवा

वडशाला मी ऑर्गन बघायला गेलो होतो. पायानं भाता हलवायचा, लाकडी पेटाऱ्याचा, बालगंधर्वांच्या काळातल्या फोटोंत कोपऱ्यात दिसतो तो ऑर्गन. कारण झालं एका पोस्टरचं. झाडीपट्टीतल्या कुठल्याशा नाटकाचं ते पोस्टर मोबाइलवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. नायक, नायिका, विनोदी नट यांच्या मोठाल्या चेहऱ्यांखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. प्रत्येकापुढे वादकाचं नाव. शहरातल्या नाटकाच्या जाहिरातीत पेटीवाल्याचं नाव मी शेवटचं कधी वाचलं, ते काही केल्या आठवेना.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत ब्रह्मपुरी गाठायची आणि वैनगंगा ओलांडायची. पलीकडे वडसा. कागदोपत्री देसाईगंज, पण तसं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. चंद्रपूर जिल्हा नदीच्या अलीकडे राहतो, पलीकडे गडचिरोली सुरू होतो. इथं मोबाइलच्या आणि कापडाच्या दुकानांना लागून नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, एकापुढे एक पाट्या. दिवाळीत धान निघालं की हंगाम सुरू, तो होळीच्या आसपासपर्यंत. झाडीपट्टीतल्या, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या गावांची मंडळं इथं येतात, नाटक निवडतात, तारीख पक्की करतात. मंडईच्या जत्रेच्या किंवा बैलांच्या शंकरपटाच्या रात्री गावात नाटक हवंच. त्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि गर्दीत एखादी सोयरीकही जुळते. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हा पट थांबले. नाटकं थांबली नाहीत.

२०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्रानं या रंगभूमीकडे जरा मान वळवून पाहिलं. सुमारे ८०० भूमिका, ५००० वर प्रयोग, असे आकडे छापून आले. नटांबद्दल लिहिलं गेलं. नटांच्या पायाशी बसणाऱ्यांबद्दल फारसं नाही.

मला ज्या मास्तरांच्या शेजारी बसायची परवानगी मिळाली, त्यांना सगळे नुसतं 'मास्तर' म्हणतात. साठीच्या आसपासचे, मफलर कानाभोवती घट्ट गुंडाळलेला. आरमोरीच्या बाजूला एका गावाबाहेरच्या बांधीत प्रयोग होता. बांधी म्हणजे धानाचं शेत. ते खोदून प्रेक्षकांसाठी खोलगट जागा केली होती आणि निघालेल्या मातीचाच उंच मंच रचला होता. खाली तणस पसरलं होतं. जानेवारीची थंडी, दवानं ओलसर झालेलं तणस आणि उकरलेली काळी माती, यांचा मिळून एक गोडसर वास येत होता. तो वास स्वेटरला धरून माझ्यासोबत घरापर्यंत आला. आजही कुठे भाताचा पेंढा दिसला की मला आधी सूर ऐकू येतो.

मास्तरांनी गाडीतून एक लांबट काळी पिशवी काढली, चेन उघडली आणि लोखंडी घोडीवर जपानी कीबोर्ड ठेवला.

"मास्तर, ऑर्गन कुठंय?"

"हाच ऑर्गन जी."

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. म्हणाले, "तो पायाचा घरी हाये. चार मानसं लागत उचलाले. तुमी लोकं त्या पेटाऱ्यासाठी लय रडता. उचलाले कोनी येत नाई."

झाडीपट्टीत शब्द टिकला, वस्तू बदलली. सुरुवातीला मला हे फसवल्यासारखं वाटलं. पायाच्या ऑर्गनची गंमत अशी की भात्याचं काम पाय करतात, त्यामुळे दोन्ही हात सुरांना मोकळे राहतात. पेटीवर एक हात भात्यात अडकलेला. संगीत नाटकाला ऑर्गन मानवला तो याच कारणानं. एका हातानं गायकाच्या मागं जायचं, दुसऱ्यानं खालचा षड्ज भरून ठेवायचा. कीबोर्डला हवाच लागत नाही, वीज लागते.

नांदी झाली, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. नाटक घरातल्या वाटणीचं होतं: दोन भाऊ, एक सोशिक वहिनी, एक दारूडा. मी नाटक बघायचं ठरवलं होतं. बघत राहिलो मास्तरांचे पाय. चपला काढून त्यांनी अनवाणी पाय मातीवर टेकले होते. पहिलं पद सुरू झालं तसे ते पाय हलायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा, टाचा टेकलेल्या, चवडे खालीवर. ठेक्यात नव्हे, ठेका तबल्याकडे होता. पाय श्वासासारखे संथ चालले होते. कीबोर्डच्या खाली काहीच नव्हतं. मास्तर हवेत भाता मारत होते.

पहिला प्रवेश संपला. समोरचा पडदा खाली आला, त्यावर नदी रंगवलेली. पलीकडच्या काठावर दोन झाडं, आभाळ नारिंगी, कडेला जांभळी झाक. पडद्यामागे पलंग, सोफा, तुळशीवृंदावन सरकवल्याचे आवाज. मास्तरांनी मान वर करून पडद्याकडे पाहिलं. चष्म्यावरून, नीट, दुकानात कापड पारखावं तसं. मग कोमल रिषभावर बोट ठेवलं, तिथून शुद्ध धैवतावर गेले आणि तिथंच थांबून राहिले. षड्जाला हात लावेनात. तीव्र मध्यमावरून फिरून पुन्हा धैवत. पंचम नाही. सूर टेकायला जागा शोधत होता आणि जागा मिळू द्यायची नाही असं जणू ठरलं होतं.

"मारवा?" मी कानाशी जाऊन विचारलं. त्यांनी मान हलवली.

घड्याळात रात्रीचा दीड वाजला होता. मारवा सूर्यास्ताचा.

पुढचा प्रवेश सुरू झाल्यावर त्यांनी हलक्या आवाजात समजावलं. "पडद्यावर सांज हाये ना? मंग माहा टाइम तोच. तुमच्या घड्याळात किती वाजले ते इथं कोनाले पाह्यजे?" आणि लगेच पुढे, "पडदा बदलाले दोन मिनिटं लागते. ती दोन मिनिटं माही."

दोन मिनिटं. हा आकडा त्या रात्री त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की मीही मोजायला लागलो. कधी दीड भरली, कधी पलंगाचा पाय अडकला म्हणून तीन. पण त्यांच्या तोंडी दोनच. गाणी नाटककाराची, चाल बहुतेक मास्तरांचीच, पण ती नटाच्या गळ्यात गेली की नटाची होते. ही दोन मिनिटं मात्र कुणाच्या शब्दाला बांधलेली नाहीत. समोर फक्त एक चित्र.

चित्रावरून, कवितेवरून, नाटकावरून संगीत रचलं की मोठ्या सभागृहांत त्याची पुस्तिका छापतात. रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीनं १८७४ साली आपल्या दिवंगत चित्रकार मित्राच्या, हार्टमानच्या प्रदर्शनावर पियानोसाठी रचना केली. एकेका चित्रासाठी एकेक तुकडा, आणि मध्ये मध्ये पुन्हा येणारी एक चाल, म्हणजे एका चित्राकडून दुसऱ्याकडे चालत जाणारा माणूस. आपल्याकडे उलट वाट होती. रागमाला चित्रांत राग आधी, चित्र मागून. वडशाच्या मास्तरांना यातलं काही माहीत असण्याची गरज नाही, पण मुसोर्ग्स्कीच्या दोन्ही गोष्टी ते करतात: चित्र बघून राग निवडतात, आणि एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाणारी चालही तेच वाजवतात.

आणि पडदे वेगळे असले तर? "कालच्या गावी दुसऱ्याचे पडदे होते," ते म्हणाले. "नदी नोती, रस्ता होता. दुपारचा. तिथं मारवा कसा वाजवनार? सारंग घेतला." नाटक तेच, प्रवेश तोच, संगीत वेगळं. ज्या रंगाऱ्यानं नारिंगीत जांभळा मिसळला, त्यानं नकळत मास्तरांचा राग ठरवून टाकला होता.

संगीत नाटकाची गोष्ट पदांपासूनच सुरू होते. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला झाला. त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती. पुढे पदं कमी होत गेली, राग ठसठशीत झाले. १९६७च्या 'कट्यार काळजात घुसली'त अभिषेकीबुवांनी तर घराण्यांचं भांडणच चालींमधून मांडलं. आज शहरात ही पदं मैफलीत ऐकायला मिळतात, नाटकातून सुटी करून, फुलदाणीत ठेवलेल्या फुलांसारखी. इथं ती अजून झाडावर आहेत असं म्हणायचा मोह मला झाला होता. मध्यरात्रीनंतर तो उतरला. एक डान्सचं गाणं आलं, ऑक्टोपॅड धडाडला, शिट्ट्या पडल्या, 'वन्स मोअर' झाला, माइकवरून बक्षिसं पुकारली गेली. नाव आणि रक्कम, नाव आणि रक्कम. मास्तर तेही वाजवत होते, तितक्याच सरळ चेहऱ्यानं. दोन मिनिटांच्या मारव्याला कुणी बक्षीस दिलं नव्हतं. त्या वेळात लोक शेंगा फोडत होते, लेकरांना पांघरूण घालत होते.

मला राग आला, मास्तरांना नाही. "लोकं बोलते तवाच वाजवाचं असते," ते म्हणाले. "ते चूप झाले म्हनजे पडदा उघडला."

नव्या चाली केव्हा बसवता, असं विचारलं तर म्हणाले, रोवणीनंतर. पावसाळ्यात कंपन्या पुढच्या हंगामाची नाटकं ठरवतात, लेखक पदं लिहून पाठवतात. मास्तर सकाळी बांधीत असतात, संध्याकाळी घरच्या पायाच्या ऑर्गनवर. म्हणजे तो पेटारा मेलेला नाही. चाली अजून त्याच्यावर जन्मतात आणि कीबोर्डवर बसून गावोगाव जातात. पाय मात्र दोन्हीकडे सारखेच चालतात. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी खाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "थांबवले तर हात थांबते," एवढंच बोलले.

शेवटच्या प्रवेशाआधी पडदा आला तो रात्रीचा. गडद निळा, वर चंद्र, खाली वाड्याची कमान. पूर्वेकडे खरं आभाळ पांढुरकं व्हायला लागलं होतं. गावात कोंबडा आरवला. माझ्या कानात भैरवी तयार होती. पहाट, नाटकाचा शेवट, दुसरं काय असणार? मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं आणि मालकंस धरला. मागं खरोखरची पहाट, समोर कापडावरची मध्यरात्र, आणि सूर कापडाच्या बाजूनं. पलंग हलला, कुणीतरी पडद्यामागे खोकलं. दोन मिनिटं भरली. पडदा वर गेला.

सहाच्या सुमाराला सगळं संपलं. लोक अंगावरचं तणस झटकत घराकडे निघाले. पडदेवाल्यांनी नदी, कमान, चंद्र बांबूंवर गुंडाळून गाडीत टाकले. मास्तरांनी कीबोर्ड पिशवीत घातला, वायर कोपरावर गुंडाळली, चपला घातल्या आणि चहाकडे गेले.

मी त्यांच्या जागेवर थांबलो. घोडी उचललेली होती. तिच्या चार पायांच्या खुणांच्या मधोमध, उकरलेल्या मातीत, दोन उथळ खळगे पडले होते, घासून गुळगुळीत झालेले. मंडळाची पोरं फावडी घेऊन बांधी सपाट करायला आली. त्यातल्या एकानं मला बाजूला व्हायला सांगितलं.