नमुना सदनिका आणि ग्राहकाचे मन

नमुना सदनिकेत, म्हणजे इमारत पूर्ण होण्याआधी विक्रीसाठी सजवलेल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, शिरताच ग्राहकाच्या मनात उमटणारी पसंती बहुधा हिशेबाआधीची असते. अशा तात्कालिक भावनेवरून लाभ-हानी ठरवण्याच्या प्रवृत्तीला मानसशास्त्रात भावनाधारित ठोकताळा म्हणतात. आरसे, उबदार प्रकाश आणि मुद्दाम आखूड केलेला पलंग खोली ऐसपैस भासवतात, आणि देवघराची जागा एकदा मनोमन ठरली की, विकत घेण्याआधीच घर आपले वाटू लागून घासाघीस लटकी पडते. चटई क्षेत्र, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून उरणारी वापरण्याजोगी जागा, मात्र कागदावरच पडताळावी लागते. नमुना सदनिकेवर विसंबून आगाऊ रक्कम भरलेल्या ग्राहकाचे त्यातील चुकीच्या माहितीमुळे नुकसान झाल्यास २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १२ नुसार त्याला भरपाई मागता येते.