पिस्टन व झडप यांतील अंतर तपासावे
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत नाल्याचे पाणी धानाच्या बांध्यांत चढविणाऱ्या डिझेल इंजिनात अधिक उंच कॅमचा शाफ्ट बसविल्यास झडपा अधिक खोल उघडतात. अंतर अपुरे असल्यास पिस्टन आदळून झडप वाकते, आणि धान निसवण्याच्या ऐन वेळी पाणी थांबते.

यासाठी हेड काढून पिस्टनच्या माथ्यावर झडपांखाली मळलेली माती ठेवावी. झडपांना तेल लावावे. गॅस्केटसह हेड आवळून टॅपेट जुळवावेत. इंजेक्टर काढून हॅण्डलने इंजिन सावकाश २ पूर्ण फेरे फिरवावे. तेवढ्यात कॅमशाफ्टचा १ फेरा होतो. अडल्यास जोर करू नये. नंतर मातीची सर्वांत पातळ जागा मोजावी. ती निर्मात्याने सांगितलेल्या मापाहून कमी भरल्यास इंजिन चालवू नये. तापल्यावर झडपेचा दांडा आणखी लांबतो. शेवटी माती पूर्ण पुसून काढावी.